वरची दांडी, खालची दांडी

खुटबावच्या फाट्यावर शेखलालचं वेल्डिंगचं शेड आहे. पाटसच्या कारखान्याकडे ऊस नेणाऱ्या आसपासच्या निम्म्या ट्रॉल्या या शेडमध्ये जन्माला आल्या, आणि उरलेल्या निम्म्या मोडल्यावर इथंच आल्या. असल्या माणसाला साठाव्या वर्षी हवेत जायची हौस यावी, याचं गावाला फार नवल वाटलं. शेखलालला अजिबात वाटलं नाही. चाळीस वर्षं ट्रॉलीखाली उताणा पडून ग्रीस खाल्लेला माणूस वर जायला हपापलेलाच असणार, असं त्याचं साधं म्हणणं होतं.

हौसरावचं तसं काही नव्हतं. हौसराव म्हणजे गावचा माजी सरपंच, तीस एकर ऊस, आणि शेखलालचा पहिलीपासूनचा बाकावरचा सोबती. दोघं एकटे असले की अरे-तुरे, चार माणसं जमली की शेखलाल त्याला 'आप्पा' म्हणायचा आणि हौसराव ते मान ताठ करून ऐकून घ्यायचा. शेखलालच्या पोरानं, अलीमनं, मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठलासा म्हातारा खुर्चीवर बसून, डोक्यावर मोठं पातं गरगरत, शेतावरून आरामात चाललेला. जायरोप्लेन म्हणतात त्याला, घरच्या घरी बांधतात. शेखलाल म्हणाला, "हे मी करणार." हौसराव म्हणाला, "मी म्हंजी आपण." तिथून भागी सुरू झाली.

पहिल्यांदा इंजिन लावायचंच नाही असं ठरलं. तीन चाकं, त्यावर खुर्ची, मागं उभा खांब आणि खांबाच्या डोक्यावर लांब पातं. पुढं शंभर फुटांची दोरी, दोरीचं टोक पिकअपला. पिकअप पळाली की वाऱ्यानं पातं फिरतं आणि खुर्ची जमिनीवरून उचलली जाते. गाडी थांबली की खुर्ची खाली येते. अलीमनं नकाशा मिळवला, शेखलालनं पाईप कापले, आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत सगळं सुतासारखं सरळ चाललं. मग दांडीचा प्रश्न आला.

पातं ज्या डोक्यावर फिरतं ते डोकं जिकडं कलतं तिकडं खुर्ची जाते. ते कलवायला दांडी लागते. नकाशात दांड्या दोन प्रकारच्या होत्या. एक वरची. ती डोक्यालाच बोल्टनं आवळायची, तिथून ती पुढं येऊन बसणाऱ्याच्या कपाळासमोर लोंबते. मधे एकही जोड नाही, म्हणून काही ढिलं होत नाही. पण ती उलटी चालते. डावीकडं ढकलली की वरचं डोकं उजवीकडं कलतं. दुसरी खालची. ती दोन मांड्यांच्या मधे उभी, आणि लांब रॉडनं वर जोडलेली. डावीकडं केली की डावीकडंच जाते, पण जोड सहा.

"वरची," शेखलाल म्हणाला.

"खालची," हौसराव म्हणाला.

आणि तीन आठवडे यापुढं काही झालं नाही.

शेखलालकडं कारणांचा तोटा नव्हता. सहा जोड म्हणजे सहा दुखणी, हे त्यानं रोज सांगितलं. उलटं चालतं म्हणून काय झालं? ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या मागं घेताना ट्रॅक्टरवाला स्टेअरिंग उलटंच फिरवतो, त्याला कोण शिकवायला जातं? हौसरावकडंही कारणं होती. माणूस घाबरला की सरळ वागतो, उलटं नाही. घोड्याचा लगाम कुणी घोड्याच्या डोक्यावरून लोंबवत नाही. आणि वर बघून बघून मान दुखते. एकदा अलीमनं शेडमध्ये खुर्ची मांडली, चेनपुलीला पाईप टांगला आणि म्हणाला, "आप्पा, धरून तर बघा." हौसराव खुर्चीत बसला, पाईपाकडं बघितलं, दोन्ही हात मांडीवरच ठेवले आणि म्हणाला, "बघितली. न्हाई आवडली." आणि उठून गेला.

आता खरं सांगायचं तर शेखलालच्या सहा जोडांत काही दम नव्हता. आयुष्यभर त्यानं साठ-साठ जोडांच्या ट्रॉल्या बांधल्या होत्या. खरी गोष्ट अशी की दिवाळीपासून त्याचा उजवा हात थरथरत होता. चहाची बशी उचलली की कपाचा तंबोरा वाजायचा. वेल्डिंगची रेघ वाकडी जायला लागली, तेव्हा 'डोळं दुखत्यात' म्हणून त्यानं होल्डर अलीमच्या हातात दिला आणि स्वतः लांबून सूचना करू लागला. हे फक्त त्याच्या बायकोला, सरदारबीला, माहीत होतं, कारण तिनं त्याला बशीऐवजी पेला द्यायला सुरुवात केली होती. खालची दांडी मांडीत धरायची म्हणजे हलकी, नाजूक. हात थरथरला की वरचं डोकं थरथरणार, आणि ते सगळा गाव बघणार. वरची दांडी जाड, जड. तिला लोंबकळलं तर हाताची थरथर कदाचित तिच्या वजनात जिरून जाईल, असा त्याचा हिशोब होता. हात अजून बिघडायच्या आत एकदा, फक्त एकदाच, त्याला स्वतःला वर जायचं होतं. अलीमनं नव्हे, हौसरावनं नव्हे, त्यानं. आणि हे तो कुणाला सांगणार नव्हता, कारण सांगितलं असतं तर लोकांनी त्याला प्रेमानं घरी बसवलं असतं.

त्यात आणखी एक सल होता. गायरानाच्या मोकळ्या माळावर चाचणी करायला सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव आला होता. विमान म्हटलं तर शंभर कागद लागतील, म्हणून ग्रामसेवकानं डोकं लढवून लिहिलं, 'दोरीस बांधलेला मोठा पतंग उडवणेस परवानगी.' हात वर करून मतदान झालं. शाळेच्या व्हरांड्यात हातच हात वर गेले. ज्यांना पतंग कसला हेही कळलं नव्हतं त्यांनीसुद्धा हात वर केले. आणि शेखलालचा भागीदार, पहिलीपासूनचा सोबती, माजी सरपंच हौसराव, हाताची घडी घालून पत्र्याकडं बघत बसला होता. ठराव झाला, तो भाग वेगळा. पण शेखलालनं ते बघितलं. त्याला फार वाईट वाटलं, आणि इतकं वाईट वाटलं की त्यानं विचारलंच नाही.

गावानं त्याचे वाटेल ते अर्थ लावले. हौसराव हल्ली नेहरू शर्ट सोडून पुढून बटणांचे शर्ट घालायला लागला होता, त्याचाही अर्थ लावला गेला, की आप्पा दुसऱ्या पार्टीत चालले. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती. त्यात पतंगाच्या ठरावाला हात नाही, म्हणजे शेखलालशी बिनसलं, म्हणजे शेखलालच्या वाडीची मतं गेली. चहाच्या टपरीवर तर कोणता वॉर्ड कुणाकडं जाणार इथवर गणित पोचलं होतं.

शेवटी तोडगा काढला तोही हौसरावनंच, आणि तो त्याच्याच धंद्यातला होता.

"हे बघ," तो म्हणाला, "सरपंचकीला दोघं अडून बसलं की आपण काय करतो? अडीच वर्षं एकाची, अडीच वर्षं दुसऱ्याची. लाव दोन्ही दांड्या. तू बसशील तवा वरची धर, मी बसंन तवा खालची धरंन. कुणाचंच हसं न्हाई."

शेखलालला ते एकदम पटलं. चाळीस वर्षं तालुक्याचं राजकारण बघितलेल्या माणसाला ते पटणारच. फक्त अलीम डोक्याला हात लावून बसला.

"अब्बा, एक उलटी चालती, एक सरळ. दोन्ही एकाच डोक्याला. कुणी चुकून दोन्ही धरल्या तर?"

"कशाला धरंल दोन्ही? सरपंच कवा दोन असत्यात का?"

अलीमनं पाना उचलला. दोन्ही दांड्या बसल्या. जगात असं मशीन दुसरं असेल तर तेही दौंड तालुक्यातच असणार.

मग पहिली टर्म कुणाची, यावरून पुन्हा आठवडा गेला. पहिल्या अडीच वर्षांतला सरपंच राजीनामा देत नाही, हे दोघांना पक्कं माहीत होतं. शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. सरदारबीनं डब्यातून चिठ्ठी काढली, न उघडताच म्हणाली, "दोन्हीवर म्हाताऱ्याचंच नाव हाय, कुठली बी काढा," आणि ती कस्तुराबाईच्या हातात दिली. कस्तुराबाई म्हणजे हौसरावची बायको. तिनं वाचली. शेखलाल.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, ट्रॉल्या मोकळ्या झाल्या, आणि एका सकाळी आठ वाजता गायरानावर निम्मा गाव जमला. पिकअपवर गेणबा होता. हा हौसरावचा जुना ट्रॅक्टर ड्रायव्हर. हयातभर त्यानं गाडी वीसच्या पुढं नेली नव्हती. आज चाळीसनं न्यायची म्हटल्यावर त्यानं आधी स्टेअरिंगच्या पाया पडून घेतलं. खूण ठरली होती, वर बसलेल्यानं हात वर केला की गाडी हळू करायची.

शेखलाल खुर्चीत बसला. पट्टा आवळला. उजवा हात त्यानं आधीच वरच्या दांडीवर ठेवला होता, म्हणजे कुणाला दिसायला नको. अलीमनं पातं हातानं ढकलून फिरवलं, ते फट्-फट् करत वेग घेऊ लागलं.

"व्हा पुढं, गेणबा," हौसराव ओरडला.

दोरी ताणली. चाकं खडखडली. मुरमाचे खडे उडू लागले. डोक्यावरचं पातं फट्-फट् सोडून घूं करायला लागलं, आणि मग एकाएकी खडखड बंद झाली. शेखलालला वाटलं, एखादं चाक निखळलं. खाली बघतो तर तिन्ही चाकं हवेत होती.

तो घाबरला. साठ वर्षांत घाबरला नव्हता इतका घाबरला. आणि घाबरल्याबरोबर उजवा हात थरथरायला लागला, मग दांडी, मग वरचं डोकं, मग सगळी खुर्ची. मशीन डावीकडं डोललं, उजवीकडं डोललं. खाली सरदारबीनं पदर तोंडावर घेतला. शेखलालनं डोळे मिटले, समोर जे सापडेल ते डाव्या हातानं गच्च धरलं आणि सगळ्या ताकदीनं छातीशी ओढलं. सापडली ती खालची दांडी होती. हौसरावची.

आणि मशीन शांत झालं.

त्यानं एक डोळा उघडला. उजवा हात वरची दांडी ओढत होता, डावा खालची. वरची ओढली की मशीनचं नाक खाली जातं, खालची ओढली की वर. दोन्ही दांड्या एकमेकींशी अशा भिडल्या होत्या की दोघींनाही हलता येत नव्हतं. उजव्या हाताची थरथर दांडीत शिरत होती आणि डाव्या हाताच्या ओढीपुढं तिथंच संपत होती. डोकं जागच्या जागी, सरळ. खुर्ची दोन पुरुष उंचीवर देवळाच्या पायरीसारखी स्थिर.

मग त्यानं दुसराही डोळा उघडला. गायरानाच्या कडेला हौसरावचा खोडव्याचा ऊस उभा होता. शेखलालनं जन्मभर ऊस खालून बघितला होता, ट्रॉलीत बघितला होता, रस्त्यावर सांडलेला बघितला होता. शेंडे वरून कधी बघितले नव्हते. वाऱ्यानं ते सगळे मिळून एका अंगाला झुकत होते आणि परत उठत होते. त्याला खूप आनंद झाला. रडू येईल की काय अशी भीती वाटली, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

हात मोकळा नव्हता, म्हणून खूणही करता येईना. गेणबा आरशात बघत होता, वरून हात येत नाही म्हणजे मालकाच्या भागीदाराला मजा येतेय असं समजून त्यानं गाडी तशीच ठेवली. गायरानाच्या टोकाला बाभळी आल्या तेव्हा कुठं त्यानं ब्रेकवर पाय ठेवला. खुर्ची हळूहळू खाली आली, एकदा उसळी मारली आणि थांबली.

गाव धावत सुटलं. हौसराव सगळ्यांच्या पुढं पोचला. त्यानं बाकीच्यांना लांबच थांबवलं, खुर्चीजवळ वाकला आणि हळूच विचारलं, "कुठली धरलीस?"

शेखलालचे हात अजून सुटत नव्हते. "दोन्ही."

"थापा मारू नगंस."

"दोन्ही गच्च धरल्या, तवाच थांबलं. एक धरली की माझा हात मशीन हालवतो." आणि बोलून गेल्यावर आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून त्यानं उजवा हात सोडवून हौसरावसमोर धरला. हात पिंपळाच्या पानासारखा हालत होता.

हौसराव हाताकडं बघत राहिला. "कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं."

"आन् मला बोलला न्हाईस."

"बोललो असतो तर तू बसू दिलं असतंस का?"

हौसरावनं वाकलेली पाठ सरळ केली. दोन्ही दांड्यांकडं एकदा बघितलं, मग वरच्याकडं पुन्हा बघितलं. "म्हंजी मलाबी दोन्ही धराव्या लागतील?"

"लागतील. वर गेलं की भीतीनं कुणाचाबी हात हालतो, एकीनं न्हाई जमायचं. मी वर बसून आलोय, मला कळतंय."

"मग मी न्हाई बसत."

"का रं?"

हौसरावनं मागं बघितलं. गाव तसं लांब होतं. मग त्यानं उजवा हात उचलला. हात छातीपर्यंत आला आणि तिथं अडला. हौसरावचं तोंड वेदनेनं वाकडं झालं. "खांदा आखडलाय. ह्याच्या वर जात न्हाई. शर्टबी कस्तुरा घालून देती. नेहरू शर्ट डोक्यातनं जाईना म्हणून सोडला."

"कवापास्नं?"

"नाताळापास्नं."

शेखलाल महिने मोजायला लागला. नाताळ. मग जानेवारी. मग सव्वीस तारीख. तो खुर्चीतच ताठ झाला.

"हौश्या," तो म्हणाला, आणि लांब का होईना, गाव उभं होतं तरी म्हणाला, "ग्रामसभेत तुझा हात..."

"गेलाच न्हाई वर. लई जोर केला. डावा वर केला असता तर चार जणांनी इचारलं असतं, उजव्याला काय झालं. निवडणूक तोंडावर. हात वर न होणारा म्हातारा कुणाला पायजे?" तो खाली बघून म्हणाला, "मला वाटलं, तुला कळंल."

"मला कसं कळंल? मला वाटलं तू..." दोन महिने शेखलालनं या माणसाचा मनातल्या मनात किती राग केला होता, हे आठवून त्याला लाज वाटली. खालच्या दांडीसाठी तीन आठवडे भांडणारा हौसराव, मान दुखते म्हणणारा, घोड्याचे लगाम काढणारा, आणि सहा जोडांचं पुराण लावणारा आपण. दोघांनी मिळून एवढं मोठं मशीन बांधलं होतं आणि एवढीशी गोष्ट एकमेकांना सांगितली नव्हती.

"बस," तो म्हणाला.

"आरं पण..."

"बस म्हणतो. हात मी चढवतो."

हौसराव बसला. शेखलालनं त्याच्या गळ्यातलं उपरणं काढलं, त्याचा उजवा हात दोन्ही हातांनी धरून इंचा-इंचानं वर नेला. हौसराव दात-ओठ खात होता आणि त्यातूनही गावाकडं बघून हसत होता, तीस वर्षांची सवय. हात डोक्याच्या वर, दांडीच्या मधोमध टेकला, तसा शेखलालनं तो उपरण्यानं तिथंच बांधून टाकला. त्याच्या थरथरत्या बोटांना गाठ मारायला वेळ लागला. गावानं ते बघितलं. शेखलालनं बघू दिलं.

"खूण कोण करणार?" गेणबानं पिकअपमधून विचारलं. "आप्पाचं तर दोन्ही हात गुतलं."

"मी करतो," शेखलाल म्हणाला, आणि पिकअपच्या मागच्या हौद्यात चढून, हौसरावकडं तोंड करून बसला.

गेणबानं खुर्ची हळूहळू ओढत पहिल्या टोकाला नेली, तोंड परत बाभळींकडं केलं, अलीमनं पातं ढकललं आणि गाडी निघाली. दोरी ताणली, मुरूम उडाला, पातं घुमायला लागलं. हौसरावचे डोळे मोठे झाले, डाव्या हातानं त्यानं खालची दांडी पोटाशी ओढली, आणि खुर्ची वर उठली. शंभर फुटांच्या दोरीच्या त्या टोकाला माजी सरपंच हौसराव हवेत तरंगत होता, आणि सगळ्या खुटबावच्या डोळ्यांदेखत त्याचा उजवा हात डोक्याच्या वर, सरळ, कुणालाही मोजता येईल असा उभा होता.

शेखलालनं तो मोजला. मग बाभळी जवळ आल्या, तसा त्यानंही आपला थरथरता हात वर केला, आणि गेणबाला दिसल्यानंतरही बराच वेळ तो खाली घेतला नाही.